कडू फळात उतरलं

वेनेराने घास तोंडात टाकला, दोनदा चावला आणि तळहातावर थुंकला. मुहय्यो तोवर ताटलीतल्या निम्म्या चकत्या संपवून बसली होती. हरितगृहामागच्या त्या छोट्या खोलीत दुपारी विजेच्या शेगडीवर काहीतरी तळायचं आणि दोघींनी खायचं हा त्यांचा जुना परिपाठ. आज मुहय्योने शेवटच्या ओळीतला एक कोवळा भोपळा तोडला होता, चकत्या करून तेलात परतल्या होत्या, वर लसूण घातलेलं दही ओतलं होतं. "काय घातलंस यात?" वेनेराने विचारलं. "लसूण, मीठ. का?" "कडू आहे गं. कडूजहर. तुला लागत नाहीये?" वेनेरा नळाखाली जीभ धरून उभी राहिली. मुहय्योच्या तोंडात अजून अर्धी चकती होती. मऊ, कोमट, कडेला किंचित कुरकुरीत, मधे ओलसर. यापलीकडे त्या चकतीत काही नव्हतं. कित्येक वर्षं तिच्यासाठी कुठल्याच पदार्थात यापलीकडे काही नसायचं. "मलाही जरासं वाटलं," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण हे किती सहज म्हणतो. वेनेरा नळाखालून मान वळवून तिच्याकडे बघत राहिली. "जरासं?" ती म्हणाली. "मुहय्यो, तू म्हणाली होतीस की चव परत आली."

साथीच्या काळात एकाच आठवड्यात मुहय्योचा वास गेला होता, चव गेली होती, आणि नवरा गेला होता. झोकिरच्या जाण्याबद्दल लोक हळू आवाजात विचारत. वासा-चवीबद्दल मोकळेपणी विचारत, जणू तेवढं विचारायला परवानगी होती. आली का गं चव? कांदा कळतो का? घासलेटचा वास घेऊन बघ. पहिल्या वर्षी ती खरं सांगे, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी एक थकवा उतरताना बघे. मग एके दिवशी ती म्हणाली, आली परत. सगळ्यांना बरं वाटलं. तिलाही. खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. पाहुणे निघाले की आपण दाराशी म्हणतो ना, अजून बसा, तसं काहीतरी. घरी ती मीठ चमच्याने मोजून घालायची, जिरं चिमटीने, आणि ज्यांना सगळे ओता म्हणत त्या सासऱ्यांचा चेहरा बघायची. सोबिर ओता पहिला घास घेत, मान हलवत आणि म्हणत, "केलिन, हात आहे तुझा." मुलगा गेल्यावरही ते तिला केलिन, सूनच म्हणत होते. तिने माहेरी जावं असं कुणी सुचवलं की ते ऐकू न आल्यासारखं करत.

ताटलीतल्या चकत्यांकडे बघताना मुहय्योला आधी आठवलं ते काम. भोपळ्याची ही जात तिने आणि वेनेराने तयार केलेली. पान कडू, फळ गोड. रानभोपळ्याच्या कडूपणामुळे लाल कोळी ही कीड पानाला तोंड लावत नाही, पण तोच कडूपणा फळात उतरला तर माणूस मरतो, म्हणून पानातला पानात राहावा यासाठी इतक्या वर्षांची निवड. आणि पान आपलं आपण कडू होत नाही, त्याला सांगावं लागतं. किडीने चावलं की पानात एक संप्रेरक तयार होतं. कडूपणाच्या जनुकांवर जे पहारेकरी बसलेले असतात त्यांचा ते फडशा पाडतं आणि पान तासाभरात स्वतःला विषारी करायला लागतं. त्याच संप्रेरकाची वाफ होते, शेजारच्या झाडाला लागते, आणि ज्याला अजून कुणी चावलेलंही नाही ते झाडही सावध होतं. त्या वाफेला जाईचा वास असतो. हे संप्रेरक पाण्यात मिसळून फवारलं तर चावा बसण्याआधीच पान तयार राहतं. गेले तीन आठवडे दोघी त्या शेवटच्या ओळीवर फवारत होत्या. फवारणीच्या दिवशी वेनेरा म्हणायची, "नवरीच्या खोलीत आल्यासारखं वाटतं," आणि मुहय्यो हसायची. फळ गोड राहील असं सगळ्या मोजण्या सांगत होत्या. कडू फळात उतरलं होतं.

मग तिला अंगण आठवलं.

जुन्या शहरातल्या घराच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली याच जातीचे चार वेल होते. उरलेली रोपं तिनेच वसंतात नेली होती. ओतांनी त्यांना लेकरांसारखं वाढवलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, फुलांची पिठी बोटाने या फुलावरून त्या फुलावर लावली. पण यंदाचा उन्हाळा असा की रस्त्यावरच्या चिनारांची पानंसुद्धा ऑगस्टआधीच कडांनी भाजली, आणि वेलांवर कोळ्याची जाळी दिसायला लागली. तेव्हा तिने बाटलीत उरलेलं फवारणीचं पाणी घरी नेलं. ओता तख्तावर, मांडवाखालच्या लाकडी बैठकीवर, बसून बघत होते. "विष आहे?" "नाही ओता. झाडाचंच आहे हे. कुणी चावलं की झाड स्वतःच बनवतं. मी फक्त न चावताच त्याला सांगते की तुला चावलंय." ओतांनी जिभेखालची तंबाखू बाजूला थुंकली आणि विचार केला. "म्हणजे खोटं सांगतेस." "हो. पण त्याच्या भल्यासाठी." "आमच्या वेळी सगळं खोटं भल्यासाठीच सांगत," ते म्हणाले. मग नाक वर करून म्हणाले, "काय सुरेख वास सुटलाय. तुला येतो ना?" आणि ती म्हणाली, येतो. ते जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले होते. ते बघणं तिला आता, या खोलीत, तेल अजून तडतडत असताना दिसलं.

काल संध्याकाळी त्यांनी पहिला भोपळा तोडून तिच्या हातात दिला होता. आज पहाटे तिने किसला, कांदा चिरला, मिरी घातली, कणकेच्या पाऱ्या लाटल्या आणि मोदकांसारख्या मंती भरून उकडायच्या भांड्यात रचून ठेवल्या. दुपारचा नमाज झाला की गॅस पेटवा, तिने सांगितलं होतं. भोपळ्याच्या मंती झोकिरला आवडत. ओतांना आवडतात की नाही हे तिने कधी विचारलं नव्हतं.

वेनेराने रस्त्यावर उभं राहून गाडी थांबवली, पैसे तिनेच देऊन टाकले, आणि दार लावताना खिडकीत वाकून म्हणाली, "तूही खाल्लंयस. पोटात दुखायला लागलं तर घरी नको, सरळ इस्पितळात जा." मुहय्योने मान हलवली. गाडीतला थंड हवेचा पंखा बंद होता, खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा. ती ओतांचा नंबर लावत होती. त्यांचा फोन बहुतेक कपाटात, टोपीच्या डब्याशेजारी, नेहमीसारखा. घंटा वाजत राहायची आणि मग एक बाई अत्यंत गोड आवाजात सांगायची की उत्तर मिळत नाही. कदाचित अंगणातला भोपळा गोड असेल, तिने स्वतःला सांगितलं. तिथे दोनदाच फवारलं होतं. कदाचित ओता आज गल्लीच्या टोकाला चहाखान्यात बसले असतील आणि मंती तशाच कच्च्या असतील. तिने पोटाकडे लक्ष दिलं. पोटात काही नव्हतं. मग काहीतरी होतं, बेंबीच्या जरा वर, कुणी आतून बोट टेकवावं तसं. ते खरंच आहे की मी ते शोधते आहे म्हणून आहे, हे तिला ठरवता येईना. जीभ सांगत नसली की माणूस किती खाली उतरून ऐकायला लागतो. गेली काही वर्षं ती असंच जगत होती. दूध नासलं का हे ते फाटतं का यावरून, गॅस सुरू राहिला का हे बटणाकडे तीन-तीनदा बघून. झोकिरच्या शर्टांना आता कसला वास आहे हे तिला माहीत नव्हतं. ते तिने धुतले नव्हते, कुणी तरी त्या वासाची राखण करावी म्हणून, आणि राखण करणारी तीच होती जिला तो येत नव्हता. एकदा तिने ओतांना कपाट उघडून उभं असलेलं पाहिलं होतं. ते शर्टाच्या बाहीत तोंड घालून उभे होते. ती मागच्या मागे फिरली होती.

"आपा, तब्येत बरी नाही का?" आरशातून ड्रायव्हर म्हणाला. "रंग उडालाय तुमचा. सांगा हं, गाडी बाजूला घेतो. सीट परवाच धुतलीय." "बरी आहे मी," ती म्हणाली. तेवढ्यात तिला शेजारच्या रिसोलत खालाची आठवण झाली आणि आधी का झाली नाही याचा राग आला.

खालाने लगेच फोन उचलला. "खाला, ओता घरी आहेत का?" "घरीच आहेत, या उन्हात कुठे जाणार. आत्ताच येतेय मी तिथून. पण मुली, एक सांगू? तुझा सासरा म्हातारपणी चिकट झालाय." "काय झालं?" "काही नाही, मी आपली सुरी मागायला गेले. तख्तावर बसून मंती खात होता. वाफ निघतेय, मिरीचा वास सुटलाय. म्हटलं, ओता, एक द्या की, दात नसले तरी मंती चालते मला. तर ताट असं छातीशी धरलं. म्हणे, सुनेने माझ्यासाठी मोजून केल्यात. एक दिली नाही बघ. चाळीस वर्षांचा शेजार आमचा, त्याच्या बायकोने नि मी एका तंदुरात भाकऱ्या लावल्या, आणि म्हणे मोजून केल्यात." "किती खाल्ल्या त्यांनी?" "सगळ्या खाल्ल्या की. माझ्यासमोर खात होता, पाण्याचा घोट घेत, एकेक. डोळ्यांत पाणी येईस्तोवर. म्हटलं तिखट आहेत का, तर म्हणे, गरम आहेत."

मुहय्योला काही क्षण रस्ता दिसला नाही. सोबिर ओतांनी आयुष्यात कधी ताट झाकून खाल्लं नव्हतं. दारावरून भाजीवाला गेला तरी त्याला बोलावून पेला भरून चहा देणारा माणूस. त्यांनी खालाला मंती दिली नाही, कारण खालाने ती चाखली असती, थुंकली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं असतं की झोकिरच्या विधवेला साधा भोपळा कडू की गोड कळत नाही. पहिल्याच घासाला त्यांना समजलं होतं. आणि फेकून दिलं असतं तर संध्याकाळी तिने विचारलं असतं, कशा झाल्या होत्या? कडू होत्या म्हणावं तर, चव आली हे तिचं सांगणं खोटं पडलं असतं. "खाला," ती म्हणाली, आणि आपला आवाज किती शांत आहे याचं तिला नवल वाटलं, "रुग्णवाहिकेला फोन लावा, एकशे तीनला. आत्ता. सांगा, कडू भोपळा खाल्लाय, ऐंशीचे आहेत. आणि त्यांच्याजवळ जा. भांड्यात काही उरलं असेल तर हात लावू नका."  पलीकडे फक्त खालाच्या चपलांचा आवाज.

पूल ओलांडल्यावर पोटातलं ते बोट मुठीएवढं झालं. ड्रायव्हरने न सांगताच गाडी कडेला घेतली. ती दार उघडून वाकली आणि ओकली, पुन्हा ओकली, आणि त्या ओकण्यातही कडूपणा नव्हता. फक्त गरमपणा आणि घशाला ओरखडे. लोक म्हणतात पित्त कडू असतं. कडेच्या पाटातून गढूळ पाणी वाहत होतं, त्यात एक चिनाराचं पान स्वतःभोवती फिरत गेलं. शरीराला कळलंय, तिला वाटलं, तोंडाला नाही. ड्रायव्हरने पाण्याची बाटली पुढे केली. "इस्पितळात नेऊ?" "नाही. घरी." "घरी काय आहे आपा?" तिने दार ओढून घेतलं. गाडी चालू लागल्यावर तो मुकाट्याने जोरात हाकत राहिला, लाल दिव्यालाही थांबला नाही.

गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती, तिची मागची दारं उघडी. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मुहय्यो आल्यावर त्यांनी वाट करून दिली, जरा जास्तच रुंद. अंगणात तख्तावर ओता कुशीवर दुमडून पडले होते, टोपी गळून पडलेली, हनुवटीवर गुलाबी ओकारी, आणि त्यांचे लांबसडक पाय इतके उघडे की तिने आधी चादर ओढली आणि मग नाडी बघणाऱ्या बाईकडे पाहिलं. "रक्तदाब मिळत नाहीये नीट," ती बाई म्हणाली. "काय खाल्लं नक्की? ताट कुठेय?" मुहय्योने स्वयंपाकघरात पाहिलं. ताट धुऊन पालथं घातलं होतं. उकडायचं भांडंही घासून पुसून खिळ्याला लावलेलं. पोटात पिळे पडत असताना त्यांनी हे सगळं धुतलं होतं. तिने मांडवाखालच्या वेलाचा दुसरा भोपळा तोडून त्या बाईच्या हातात दिला. "हे," ती म्हणाली. "मी केलं." बाईने तो बाळासारखा दोन्ही हातांनी घेतला, आणि मग काय करावं न कळून पिशवीत टाकला.

इस्पितळात दोघांनाही नळ्या लावल्या. तिची तिसऱ्या दिवशी काढली, त्यांची आठवडाभर राहिली. पहिल्या दोन रात्री आतून रक्त जात होतं आणि डॉक्टर तिच्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलत. तरुण डॉक्टर होता, नख कुरतडायचा. "एवढा कडू पदार्थ माणूस गिळूच शकत नाही," तो म्हणाला. "तोंडच घेत नाही. लहान मूलसुद्धा थुंकतं. तुमचे सासरे भ्रमिष्ट आहेत का?" "नाही." "मग जबरदस्तीने कुणी...?" त्याने वाक्य सोडून दिलं. "नाही," मुहय्यो म्हणाली, "ते फार सभ्य आहेत." डॉक्टरला तो विनोद वाटला असावा, पण तो हसला नाही.

ओतांना बोलता येऊ लागलं तेव्हा ती पलंगाशी बसली होती. त्यांचा चेहरा आत ओढला गेला होता, डोळे मात्र स्वच्छ. "केलिन," ते म्हणाले, "तुझी चव परत आलीच नव्हती ना?" "नाही." "मला माहीत होतं." "कधीपासून?" "पहिल्यापासून. मीठ कधी कमी-जास्त व्हायचंच नाही. माणसाच्या हातून मीठ असं रोज सारखं पडत नाही." तिने चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. "मग बोलला का नाहीत?" "तू आली म्हणालीस. तुला खोटी कशी पाडू? घरात आपण दोघंच." बाजूच्या पलंगावरचा माणूस कण्हला, दोघं थांबली. "मला वाटलं, तिखटमिखट काही चुकून पडलंय. मरणाचं आहे हे ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "ठाऊक असतं तर?" तिने विचारलं. ओतांनी यावर विचार केला, खरोखर विचार केला, आणि तो विचार किती वेळ चालला हे बघून तिच्या अंगावर काटा आला. "ठाऊक असतं तर नसतं खाल्लं," शेवटी ते म्हणाले. "यापुढे जे असेल ते सांगायचं," ती म्हणाली. "तोंडावर. अळणी तर अळणी." "सांगेन," ओता म्हणाले. "वचन."

घरी आणायच्या आदल्या दिवशी तिने चारही वेल मुळासकट उपटले. खाली अगदी तळव्याएवढी मुळं होती, एवढ्या मोठ्या वेलाला इतकी थोडी, आणि मातीत हात घातलेला असताना तिला वाटलं की अंगणात जाईचा वास कोंडला असेल आणि मला तो येत नसेल. तिने खालाला बोलावलं. खाला उंबऱ्याबाहेर उभी राहिली, नाक वर केलं, म्हणाली, "मातीचा येतोय." आत मात्र आली नाही. हरितगृहातली ओळ वेनेराने जाळली, फळं भट्टीत घातली. ती फोनवर म्हणाली की प्रयोग पुन्हा करू, कडूपणा फळाच्या देठाशीच अडवू. मुहय्यो हो म्हणाली.

ओता आले त्या दुपारी तिने मूग-तांदळाची पातळ खिचडी केली, डॉक्टरने सांगितली तशी. मूग बाजारातून आणलेले, तांदूळ बंद पाकिटातला, पाणी उकळून. वाटी तख्तावर ठेवली आणि समोर बसली. "सांगा," ती म्हणाली. ओतांनी चमचा भरला, फुंकर घातली, तोंडात घेतला. बराच वेळ तोंड मिटून बसले. "मीठ जास्त आहे," ते म्हणाले. त्यांनी खरं सांगितलं म्हणून तिला इतकं बरं वाटलं की ती धावत आत गेली, पाणी घालून आणलं. "आता?" "अजून जरा." तिने पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा वाटीत तळाशी डाळीचे दाणे दिसत होते. ओतांनी चमचा तोंडात घेतला आणि मान हलवली. "आता ठीक," ते म्हणाले. पण ती त्यांच्या गळ्याकडे बघत होती. सुरकुतलेला, बारीक गळा, ज्याच्या मधोमध उंचवटा घास गेला की वर-खाली होतो. तो हलला नाही. दुसरा चमचा त्यांनी घेतला, तिसरा घेतला, गाल किंचित फुगलेले, आणि डोळ्यांनी तिच्याकडे बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला, बंद ओठांनी. मग हातानेच खूण केली की हात धुऊन येतो, आणि ते भिंतीला धरत अंगणाच्या कोपऱ्याकडे, नळाकडे गेले.

नळ सुटल्याचा आवाज आला. त्या आवाजाच्या आत दुसरा एक आवाज होता, हलका, जपून केलेला. पाण्यात काहीतरी मऊ पडत होतं. एकदा. मग पुन्हा. मग खाकरणं, आणि पुन्हा.

मुहय्यो उठली नाही. तिने त्यांची वाटी ओढून घेतली, त्यांच्याच चमच्याने खाल्ली, तळापर्यंत, कोमट, पातळ, चव नसलेली, आणि रिकामी वाटी मांडीवर घेऊन बसली. ओता ओल्या दाढीने परत आले आणि तख्ताच्या कडेला टेकले. "छान होती," ते म्हणाले.  तिचा एक हात पोटावर होता, बेंबीच्या जरा वर, आणि तिथे काही दुखायला लागतंय का याची ती वाट बघत होती. ओताही तिच्या त्या हाताकडे बघत बसले.